तीन बोटांची फट

दुकानात फोन यायचा तो असा: "तीनबोटे मॅडम आहेत का?"

पहिल्या दोनचार वेळा मालकाने "राँग नंबर" म्हणून फोन आपटला होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हे आडनाव गिऱ्हाइकांनीच त्याच्या गाद्यांच्या दुकानातल्या विक्रेत्या बाईला बहाल केलं होतं.

"गादी हवी होती. चांगलीशी," असं म्हणत माणूस आत शिरला की बाकीचे विक्रेते त्याला सरळ गाद्यांकडे नेत. ही त्याला दारातच अडवायची.

"पलंग खालून कसा आहे?"

"खालून म्हणजे... पाय आहेत चार."

"पायांवर काय आहे? सलग फळी का पट्ट्या?"

"पट्ट्या आहेत बहुतेक."

"बहुतेक नको. घरी जा, गादी उचला, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये अशी तीन बोटं घाला." उजव्या हाताची मधली तीन बोटं चिकटवून ती गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. "घट्ट बसली तर उद्या या, फोमची झकास गादी देते. बोटं घालूनही जागा उरली, तर आधी सुताराला गाठा, मग मला."

"बोटं माझी का तुमची?"

"माझी. लावा बघू हाताला हात. अरे बापरे, तुम्ही अडीचच घाला."

माणूस हसत हसत परत जायचा आणि मालक कपाळाला हात लावायचा. "अहो बाई, घरी आलेली लक्ष्मी तुम्ही रस्त्यावर नेऊन सोडता."

"उद्या येईल ती. आणि गादी घेऊन गेली की परत आणणार नाही."

हे मात्र खरं होतं. बावीस वर्षांत तिने विकलेली एकही गादी दुकानात परत आली नव्हती. फोम हा स्वभावाने बिचारा, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. खाली आधार असेल तिथे तो ताठ बसतो, नसेल तिथे निमूटपणे खाली ओघळतो. वरून चादर अशी गुळगुळीत की कुणाला संशय यायचा नाही. चारसहा महिन्यांनी गादीच्या पोटाला वळ्या पडतात, आणि झोपणारा म्हणतो, वय झालं, कंबर धरते.

तिचं दुसरं हत्यार म्हणजे झोपणं. वाद घालायची नाही. गिऱ्हाईक अडून बसलं की चपला काढून स्वतः गादीवर आडवी व्हायची, भर दुकानात, हात पोटावर ठेवून. "आता माझ्या कमरेखाली हात घाला. घाला, लाजू नका, तुमच्या बायकोला घालू द्या. जातो का हात? गेला तर गादी कडक. रुतला तर मऊ. अडखळत गेला तर ही तुमची." मग त्यांना झोपवायची. आडवा झालेला माणूस खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आणि घरी? घरी ती आणि नवरा लग्नातल्या कापसाच्या गादीवर झोपत. गादीत डोंगरदऱ्या झाल्या होत्या. दरवर्षी ती म्हणायची, या वर्षी आपली बदलू. दरवर्षी नवरा म्हणायचा, "कशाला? मला माझा खड्डा पाठ आहे."

नवरा बसचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्याच आसनावर, त्याच धक्क्यांवर. पाठीने आधी कुरकुर केली, मग तक्रार, मग एके दिवशी डेपोतून घरी येताना तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि उठेचना. मणक्याचं ऑपरेशन झालं. टाके पडले. तिने जगाच्या पाठी सांभाळल्या होत्या, आणि घरातली पाठ हातची गेली होती. हे तिला कुणी ऐकवलं नाही. तीच स्वतःला दिवसातून दहादा ऐकवत होती.

डॉक्टर कमी बोलणारे होते. "सहा आठवडे. पाठ सपाट राहिली पाहिजे. जमिनीवर नको, उठताना वाकावं लागेल. जुनी गादी नको. पलंग हवा, गादी घट्ट हवी, कंबर खाली जाता कामा नये. घरी गेल्यावर पहिले दहा दिवस एकदा झोपवलं की उगाच हलवायचं नाही. मणका बसतोय. आता वाकडा बसला तर पुन्हा माझ्याकडे यावं लागेल, आणि दुसऱ्या वेळी मी आज देतोय तसा शब्द देणार नाही."

ती मान डोलावत राहिली. पलंग, गादी, कंबर. तिच्याच धंद्यातले शब्द. इतकी भीती तिला या शब्दांची कधी वाटली नव्हती.

पलंगाचं ओझं धाकट्या दिराने उचललं. तो सुतार. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून म्हणाला, "वहिनी, दादाचा पलंग मी करणार. तुम्ही गादीचं बघा."

"फळीचा करणार का पट्ट्यांचा?"

"पट्ट्यांचा. दिवसभर पडून राहायचं म्हणजे खालून हवा पाहिजे. घाम येतो माणसाला."

शहाणपणाचंच बोलला. तिच्या ओठांवर पुढचं वाक्य आलंच होतं. तीन बोटं. पण ते तिने गिळलं, आणि त्याला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी दिराने नवं जेवणाचं टेबल केलं होतं. पाहुण्यांनी घर भरलेलं, सगळे वाहवा करत होते, आणि हिने टेबलावर हात टेकून म्हटलं, "भाऊजी, पाय डगमगतोय." बस्स, एवढंच. पण चारचौघांत म्हटलं. दिराचा चेहरा पडला. तो आठ महिने या घराची पायरी चढला नाही. शेवटी नवऱ्यालाच त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, दोन तास लाकडाच्या भुश्शात बसून, त्याला घरी आणावं लागलं होतं.

म्हणून या वेळी ती जपून होती. दुकान, हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल असे बारा दिवस चालले होते. दिराचं वर्कशॉप घरापासून दहा मिनिटांवर, पण ती तिकडे फिरकली नाही. फोनवर एकदाच, शक्य तितक्या मऊ आवाजात तिने विचारलं, "भाऊजी, पट्ट्या जवळजवळ घेतल्यात ना?"

"पट्टीला पट्टी सोडलीय, वहिनी. एका रेषेत. बघाल तर बघत राहाल."

ती 'बरं' म्हणाली. जी बाई गिऱ्हाइकाच्या 'बहुतेक' वर विश्वास ठेवायची नाही, ती 'बरं' म्हणाली, आणि सहा इंची घट्ट फोमची गादी घरी पाठवायला सांगून मोकळी झाली.

पलंग सकाळी आला. गादी दुपारी एकला आली. नवरा पाचला यायचा होता, रुग्णवाहिकेने, लेकीबरोबर.

पलंग खरोखरच देखणा होता. चारही कोपरे असे जुळलेले की सांधा शोधावा लागावा. उशाकडे टेकायला तीन आडव्या फळ्यांचा कठडा, आणि त्यातल्या वरच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरलेली पानं. प्रत्येक पान वेगळं, कुठलं दुमडलेलं, कुठलं वाऱ्याने उलटलेलं.

"आठ संध्याकाळी गेल्या त्या पानांत," दीर म्हणाला. तो कोपऱ्यात पॉलिशचा बोळा घेऊन उगाच काहीतरी पुसत होता. तिने काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता, हे उघड होतं.

"सुरेख आहेत, भाऊजी," ती म्हणाली, मनापासून. दोघांनी मिळून गादी टाकली. चादर घातली. तिने चपला काढल्या आणि सवयीने आडवी झाली.

दोन श्वास झाले. तिसऱ्या श्वासाला तिचं लक्ष कमरेकडे गेलं.

डोकं ठीक होतं. खांदे ठीक होते. कंबर मात्र अगदी हळू, चोरपावलांनी, खाली निघाली होती. ती कुशीवर वळली. कंबरेच्या हाडाला एका पट्टीची कड लागली, आणि तिच्या पलीकडे काहीच नव्हतं.

ती उठून बसली. गादीचं टोक उचललं. पलंगाच्या दोन्ही अंगांना आतून ठोकलेल्या कडेवर पट्ट्या एका रेषेत बसल्या होत्या, फौजेतल्या जवानांसारख्या. तिने दोन पट्ट्यांमध्ये हात घातला. तीन बोटं. चौथं. अंगठा. आख्खा पंजा आडवा आरपार गेला.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही फट कशी मोजलीत?"

"मोजायची काय? पट्टीला पट्टी. एक पट्टी ठोकायची, तिला लागून दुसरी सुटी ठेवायची, पुढची ठोकायची, मधली उचलायची. कुंपण असो, जाळी असो, आमच्याकडे असंच करतात. सुताचाही फरक पडत नाही."

आणि तसा तो पडलाच नव्हता. जेवढी पट्टी रुंद, तेवढीच फट रुंद. नऊ सेंटिमीटर लाकूड, नऊ सेंटिमीटर हवा, अकरा वेळा. डोळ्याला याहून नीटनेटकं काही नाही. आणि टाके पडलेल्या कमरेला याहून वाईट काही नाही.

तिने आवाज खाली ठेवला. "भाऊजी, फोमला ही फट मोठी होते. ती कापसाच्या गादीला चालेल. फोम उतरतो मध्ये."

बोळा थांबला. "म्हणजे डगमगतोय म्हणा ना."

"मी तसं म्हटलं नाही."

"टेबल झालं, आता पलंग. माझ्या हातचं एक काम तुम्हाला सरळ दिसू नये, वहिनी?"

"काम सरळच आहे! काम इतकं सरळ आहे की..." ती थांबली. घड्याळात पावणेदोन. "मालकांना विचारते, गादी बदलून मिळते का."

मालकाने फोनवर दोन मिनिटं विचार केला. "सगळ्यात कडक तीच होती, बाई. स्प्रिंगवाली देऊ?"

"एवढ्या फटीत स्प्रिंगही खाली बसेल. काथ्याची जाड?"

"आहे, पण गाडी निघालीय. सहाच्या आत यायची नाही."

"सहाला काय उपयोग?"

"पट्ट्यांवर प्लायवुड टाका ना."

तिने दिराकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. "प्लाय आहे वर्कशॉपमध्ये. पण दोन तुकडे आहेत, अर्धे अर्धे. सांधा बरोबर मध्ये येणार." त्याने नाइलाजाने गादीच्या मध्यावर बोट ठेवलं. "इथे."

इथे म्हणजे कमरेखाली.

"प्लायचं नवीन सलग पान आणलं तर?"

"बाजार गाठा, पान कापून घ्या, टेम्पो शोधा, दोन जिने चढवा. पाच वाजतील. आणि वहिनी, एवढा विचार कशाला? माणूस झोपला की फोम आपोआप जागा धरतो. चार दिवसांत..."

"चार दिवस नाहीत माझ्याकडे!"

आवाज चढला होता. दिराचं तोंड लाल झालं. तो हत्यारांची पिशवी उचलून दाराकडे वळला, आणि तिला ते आठ महिने आठवले. तो गेला तर संपलं. स्क्रू तिला काढता आले असते, पण पलंग पुन्हा जोडणं तिला येत नव्हतं.

तिने वाद सोडला. दुकानातला आवाज काढला, तोच तो, अडून बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला.

"भाऊजी, झोपा."

"काय?"

"झोपा गादीवर. एकच मिनिट. मग जायचं तर जा."

तो तसाच उभा राहिला. मग बहुधा वहिनीला शेवटचं खोटं पाडायच्या इराद्याने पिशवी ठेवून आडवा झाला. धिप्पाड माणूस, थोरल्यापेक्षा चार बोटं उंचच. छताकडे बघत म्हणाला, "मस्त आहे. काही होत नाही."

ती पलंगाखाली शिरली. पन्नाशीची बाई, गुडघे टेकत, अंग चोरत, पाठीवर वळली. खालून सगळं दिसत होतं. प्रत्येक फटीतून गादी फुगून खाली आली होती, पिठाच्या गोळ्यासारखी. तिने मधली फट शोधली आणि एका बोटाने वर दाबलं.

"आई गं! काय टोचतंय?"

"कुठे?"

"कमरेत. बरोबर मध्ये."

"पट्टी आहे का तिथे?"

त्याने कमरेखाली हात घालून चाचपलं.

"पट्टी नाही, भाऊजी. मी आहे. माझं एक बोट. सहा इंची गादीतून माझं एक बोट लागतंय तुम्हाला." तिचा आवाज पलंगाखालून घुमत येत होता. "तिथे दादांचे टाके आहेत."

 मग पलंग करकरला आणि दिराची पावलं जमिनीवर आली. तो खाली वाकला. दोघं पलंगाखाली समोरासमोर, ती आडवी, तो उकिडवा.

"हाताची सवय," तो म्हणाला. "पट्टीला पट्टी. डोक्यातच आलं नाही की वर काय येणार आहे."

"मी यायला हवं होतं वर्कशॉपला. माझी तीन बोटं घेऊन. तुम्हाला राग येईल म्हणून आले नाही."

"आला असता," दीर म्हणाला. "पण पलंग तरी झाला असता."

तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"आई, ऐक. इथे खाट दुसऱ्या पेशंटला द्यायचीय. रुग्णवाहिका आत्ताच मिळतेय. तीनला निघतोय."

"पाचला ना?"

"पाचची गेली. साडेतीनपर्यंत पोचतो. पलंग झाला ना?"

तिने दिराकडे पाहिलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर आधीच हातात घेतला होता.

"होतोय," ती म्हणाली.

सव्वादोन.

"पट्ट्या सरकवू," ती म्हणाली. "कमरेकडे दाट करू, पायांकडे विरळ."

"बघा काय होतं ते." त्याने चार पट्ट्या सुट्या करून सरकवून दाखवल्या. कमरेखाली तीन बोटं झाली, आणि मांड्यांखाली चांगली वीतभर खिडकी उघडली. "पाय खाली गेले की कंबर ओढली जाणार. तेच तेच. पट्ट्या कमी पडतात, वहिनी. चौदा पाहिजेत. अकरा आहेत."

"वर्कशॉपमध्ये?"

"हे लाकूड संपलं. दुसरं आहे ते पातळ. वाकेल."

तिने खोलीभर पाहिलं. खोलीत एवढंच लाकूड होतं. तिची नजर जिथे जायची नव्हती तिथे गेली, आणि तिने ती झटकन खिडकीकडे वळवली.

"नाही," दीर म्हणाला.

"मी काही बोलले का?"

"डोळ्यांनी बोललात."

"मी खिडकी बघत होते."

"खिडकी तिकडे आहे, वहिनी, कठडा इकडे."

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पीं पीं आवाज येत होता. दोघांनी एकाच वेळी कानोसा घेतला. कुणाची तरी साधी व्हॅन होती. दीर कठड्याजवळ गेला. वरच्या फळीवरून, पानांवरून, त्याने अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पहिल्या स्क्रूला ड्रायव्हर लावला.

तीन फळ्या निघाल्या. तेच लाकूड, तीच लांबी. पलंग उशाकडून बोडका झाला. मग सगळ्या पट्ट्या निघाल्या. जमिनीवर स्क्रूंचा सडा पडला. पावणेतीन झाले.

"फट किती धरू? चौदा पट्ट्या, तेरा फटी... मोजायची टेप गाडीत राहिली माझी."

"टेप कशाला?" तिने उजवा हात पुढे केला.

मग ते सुरू झालं. ती पलंगाच्या चौकटीत गुडघ्यांवर. पहिली पट्टी ठोकली गेली. तिला लागून तिने तीन बोटं आडवी ठेवली, दुसरी पट्टी बोटांना टेकवली, दिराने ड्रिल मशीन लावलं. घर्रर्र. बोटांपासून दोन इंचांवर.

"बोटं काढा, वहिनी."

"आधी आवळा. सुटली की पट्टी सरकते."

"लागेल!"

"लागलं तर ओरडेन. आवळा."

तिसरी. चौथी. एका बाजूला आवळून झालं की ती गुडघ्यांवर घसटत दुसऱ्या बाजूला, तीच बोटं, तीच फट. पाचवीला स्क्रूचं डोकं झिजलं आणि मशीन नुसतंच फिरायला लागलं. दिराने दात खाऊन शिवी हासडली, मग जीभ चावली.

"राहू दे, द्या शिवी," ती म्हणाली. "माझीही एक त्यात धरा."

पक्कडीने धरून त्याने तो स्क्रू उपटला. सहावी. सातवी. फोन वाजला. तिने कोपराने स्पीकर चालू केला.

"आई, निघालो. बाबा विचारतायत, गादी कुठली घेतलीस?"

"सांग, सगळ्यात कडक."

मागून नवऱ्याचा आवाज आला, थकलेला. "तुझ्या आईपेक्षा कडक?"

दीर हसला नाही. तो आठव्या पट्टीवर होता. ही कठड्याची वरची फळी. हातात घेऊन तो क्षणभर थांबला. पानं वर ठेवली तर उठावाची नक्षी गादीला रुतणार, आणि तीही नेमकी कमरेच्या जागी. ही सगळ्यांत जाड, म्हणून तिथेच हवी होती. त्याने फळी उलटी केली. पानं खाली गेली, जमिनीकडे. सपाट पाठ वर आली.

"आवळू?"

तिची बोटं जागेवर होती.  "आवळा," ती म्हणाली.

नववी. दहावी. तीन वाजून दहा. ड्रिल तापलं होतं, वास यायला लागला होता. अकरावी, बारावी. एकदा मशीन निसटलं आणि तिच्या मधल्या बोटाच्या नखाला चाटून गेलं. तिने 'स्स' केलं आणि बोट तसंच ठेवलं. तेरावी. शेवटच्या, चौदाव्या पट्टीआधी पायाकडे चार बोटांची फट राहिली.

"टाचा आहेत तिथे," ती म्हणाली. "टाचांना टाके नाहीत. आवळा."

गादी टाकली तेव्हा खाली रुग्णवाहिकेचं दार उघडल्याचा आवाज आला. ती एकदा, एकदाच, गादीवर आडवी झाली. एक श्वास. दोन. तीन. चार. कंबर जिथे होती तिथेच होती. पण ती साठ किलोंची. नवरा ऐंशीचा. आणि तिच्या पाठीला टाके नव्हते.

जिन्यावर पावलं वाजली. "सावकाश, वळवताना सावकाश." स्ट्रेचर दारातून आत आलं, दोन माणसं, मागे लेक, औषधांची पिशवी छातीशी धरून. लेकीची नजर आईच्या विस्कटलेल्या केसांवर गेली, जमिनीवरच्या भुश्शावर गेली, पलंगाच्या बोडक्या उशाकडे गेली. तिने तोंड उघडलं. आईने डोळ्यांनीच ते बंद केलं.

दीर खोलीत नव्हता. तो बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाठमोरा बसला होता.

"एक, दोन, तीन."

नवऱ्याला उचललं. पलंगावर ठेवलं. लाकूड एकदा करकरलं. सगळे थबकले. चौदा पट्ट्यांनी वजन घेतलं, आणि मग काहीच आवाज आला नाही.

"थांबा," नवरा म्हणाला. डोळे मिटलेले.

ती त्याच्यावर वाकली. "काय होतंय?"

"थांब जरा." कपाळाला आठी. "पाठ..."

"दुखतेय? कुठे? खाली जातेय का? कंबर खाली जातेय का, सांगा ना!"

"पाठ आहे का नाही तेच कळत नाहीये गं," तो म्हणाला. "बारा दिवस झाले, नुसती पाठच होती माझ्या अंगात. आत्ता नाहीये."

तिने त्याच्या कमरेखाली हात सारला, सपाट, दुकानात बायकांना घालायला लावायची तसा. हात अडखळत गेला. अडखळतच गेला. ती पलंगाच्या काठावर टेकली आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. नखातून आलेलं रक्त चादरीला लागलं तेव्हा कुठे तिला ते दिसलं.

"धाकटा कुठाय?" नवऱ्याने विचारलं. "आणि पलंगाला कठडा केला होता म्हणे, पानांचा. फोनवर मला पान न् पान सांगत होता. कुठाय?"

दीर दारात येऊन उभा राहिला. ती काही बोलणार, त्याआधी तोच म्हणाला, "तुझ्या कमरेखाली आहे, दादा."

"काय?"

"वहिनींनी घालायला लावला."

"मग बरोबर असेल," नवरा म्हणाला, आणि दोन मिनिटांत झोपला. घोरायलाही लागला. त्याचं घोरणं ऐकून तिला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

माणसं स्ट्रेचर घेऊन गेली. लेक भुसा झाडायला लागली. दीर म्हणाला, "स्क्रू बघून घेतो सगळे," आणि पलंगाखाली शिरला. तिने बोटाला चिंधी बांधली, पाणी प्यायली, औषधांच्या वेळा लिहून भिंतीला चिकटवल्या. तरी तो खालून बाहेर आला नव्हता.

तिने वाकून पाहिलं. तो जमिनीवर उताणा पडला होता, हात डोक्याखाली.

"काय झालं, भाऊजी?" ती कुजबुजली. "गादी फुगलीय का कुठे?"

"नाही. सपाट आहे. चौदाही." तो वर बघत होता, भावाच्या कमरेच्या बरोबर खाली. "पानं बघतोय. इथून जास्त बरी दिसतात."